‘खण’ आणि ‘चटई’ : जुन्या घरावर माडी चढविण्याचा विचार

मराठीत पाया भरतात, भिंत बांधतात, छप्पर घालतात. माडी मात्र चढवितात. खाली काहीतरी आधीच उभे आहे आणि नवे ओझे त्याला पेलावयाचे आहे, हे ह्या क्रियापदात गृहीतच आहे. पुणे, वाई, सातारा येथील पेठांतून आणि देशावरील खेड्यांतून लाकडी सांगाड्याची जुनी एकमजली घरे आजही राहती आहेत. कुटुंब वाढले की अशा घरावर माडी चढविण्याचा विचार निघतो. त्या वेळी घरमालक, गवंडी आणि अभियंता एकाच घराविषयी तीन निरनिराळ्या परिभाषांतून बोलत असतात. त्यांतील फरक केवळ शब्दांचा नसतो.

वरच्या भागाची आपली शब्दसंपत्ती बरीच संमिश्र आहे. ‘माडी’ हा शब्द तमिळ ‘माटम्’, कन्नड ‘माड’ ह्यांच्या कुळातला. ‘मजला’ अरबीतून आला. मुक्काम, टप्पा हा त्याचा मूळ अर्थ ‘मजल दरमजल’ ह्या प्रयोगात अद्याप टिकून आहे. ‘जिना’ आणि ‘तक्तपोशी’ फारसी. मजले मोजण्याची आपली रीत तर चांगलीच घोटाळ्याची आहे. ‘दुमजली’ घरात तळमजला हिशेबात धरला जातो. पण त्याच घराच्या वरच्या भागास ‘पहिला मजला’ म्हणतात, आणि तेथे तळमजला धरला जात नाही. म्हणजे दुमजली घराला दुसरा मजला नसतो! बोलण्यात ह्याने काही अडत नाही. मात्र करारनाम्यात ‘दुसऱ्या मजल्याचे बांधकाम’ असे मोघम लिहिल्यास नेमके किती ओझे चढणार, ह्याविषयीच वाद उपस्थित होऊ शकतो. ‘तळमजल्यावर एक मजला’ असे लिहिणे निर्धोक.

ह्या सर्व शब्दांहून अधिक विचारार्ह शब्द म्हणजे ‘खण’. दोन खांबांमधील अथवा दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. ‘पाच खणी सोपा’ म्हटले की ऐकणाऱ्याला जागेचा अदमास तर येतोच, शिवाय तिच्या वरचा भार कोणकोणत्या ठिकाणांतून खाली उतरतो हेही कळते. अशा घरात पाटाचे वजन कड्यांवर येते, कड्यांचे तुळईवर, तुळईचे खांबांवर, खांबांचे तळखड्यांवर आणि तेथून पायात. भिंत पुष्कळदा केवळ आडोसा असते. मात्र सर्वत्र तसे नसते. कित्येक घरांत समोर खांब आणि मागे भिंत, असा तुळईचा आधार वाटलेला असतो. काही घरांत खांबच भिंतीत चिणलेले असतात. म्हणून माडीचा आराखडा काढण्यापूर्वी घरातील प्रत्येक तुळईची दोन्ही टोके कशावर टेकली आहेत, ह्याची नोंद करणे हे पहिले काम होय.

दुसरे काम लाकडाच्या परीक्षेचे. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण माणसांना उद्देशून वापरली जाते. घरालाही ती तंतोतंत लागू पडते. वाळवीने आतून खाल्लेला वासा बाहेरून धड दिसतो. ठोकल्यावर मात्र बद्द वाजतो. ओल तळखड्यालगत खांबाच्या पायाशी आणि भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाशी साचते. नेमकी हीच दोन ठिकाणे नजरेआड असतात. तेथील गिलावा काढून पाहिल्याखेरीज दिलेला कोणताही अभिप्राय अंदाज समजावा.

भाराचा हिशेब साधा आहे. दहा सेंटिमीटर जाडीच्या सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलोग्रॅम भरते. राहत्या खोलीतील माणसे व सामान ह्यांसाठी त्यावर आणखी २०० किलोग्रॅम धरण्याचा प्रघात आहे. नऊ इंची विटांची तीन मीटर उंच भिंत धावत्या मीटरला १३०० किलोग्रॅमच्या आसपास जाते. उलट तीन सेंटिमीटर जाडीची सागवानी तक्तपोशी चौरस मीटरला वीसच किलोग्रॅम. मातीच्या माळवदाचे घर असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. तीस सेंटिमीटर मातीचा थर चौरस मीटरला सुमारे ५०० किलोग्रॅम वजनाचा असतो. तो उतरविल्यास हलक्या माडीपुरती सवड निघण्याचा संभव असतो. तो तसाच ठेवून वर खोल्या बांधणे मात्र घातक आहे.

हा धोका काल्पनिक नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सरकारी आकड्यांप्रमाणे आठ हजारांच्या जवळपास माणसे दगावली. तेथील भिंती जाड होत्या. पण मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या त्या दोन पदरी भिंतींत दोन्ही पदर बांधून ठेवणारे लांब दगड क्वचितच होते, आणि माथ्यावर मातीचे जड माळवद. भिंती फुटून माणसांवर पडल्या. अनेक ठिकाणी मात्र लाकडी सांगाडा भिंती कोसळल्यावरही उभा राहिलेला आढळला. जाडी आणि बळकटी ह्या एकच गोष्टी नव्हेत. माडी चढविली की वजन तर वाढतेच, शिवाय ते उंचावर जाते. म्हणून भूकंपात ते घराला अधिक जोराने हेलकावे देते.

परवाना देणारी कचेरी घर मोजते ते ‘चटई क्षेत्रा’ने. हा शब्द अर्थपूर्ण आहे खरा, तरी चटई फक्त पृष्ठभाग सांगते. तिच्याखाली काय आहे ह्याविषयी ती मुकी आहे. त्यामुळे नियमात बसणारा नकाशा घराला झेपेलच असे नाही. वरच्या मजल्याचा नकाशा खालच्या खणांच्या नकाशावर पारदर्शक कागदाने ठेवून पाहिला, तर खांबावर खांब आणि भिंतीखाली तुळई येते की नाही हे तत्काळ दिसते. मधले खांब काढून खाली मोठा दिवाणखाना करण्याची हौस येथेच आडवी येते. जिनादेखील कड्यांना समांतर, एका खणाच्या आत बसविला तर तुळई न तोडता भागते.

काम केव्हा काढावे, हाही आराखड्याचाच भाग आहे. माती-दगडाच्या भिंतीवरचे छप्पर उतरले की तिचा माथा उघडा पडतो. दिवाळीनंतर छप्पर उतरवून मृगापूर्वी नवे घालता येईल एवढीच लांबी एका वेळी हाती घ्यावी. घर मोठे असल्यास दोन हंगामांत, अर्धे अर्धे.