टाकीच्या तळाचं पाणी

मिरकरवाडा, रत्नागिरी. जुलैची अखेर. १ ऑगस्टला मासेमारी खुली होईल, म्हणून बंदरात सगळ्यांचीच घाई.

सकाळी ६ – रात्रभर डिझेल हललेलं नसतं, पाणी खाली बसलेलं असतं. म्हणून इंजिनला हात लावण्याआधी टाकीच्या तळाचा कॉक काचेच्या बरणीवर उघडतो. खाली पाणी, वर डिझेल आणि मधे काळपट, बुळबुळीत थर. हा थर सूक्ष्मजीवांचा. डिझेल नि पाणी जिथे टेकतात तिथेच ते वाढतात. औषधाने मरतात, पण मेलेली घाण फिल्टर तुंबवते. टाकी पुसायलाच हवी.

८ – पाणी आलं कुठून? डेकवरच्या झाकणाची ओ-रिंग चिरलेली. पाऊस आत गेला. शिवाय टाकी अर्धी रिकामी. रात्री आतली हवा गार झाली की दमट हवेचं पाणी पत्र्यावर धरतं.
"भरून ठेवली तर पैसे अडकतात, मिस्त्री."
"नाखवा, पंप-नोझल गेले तर जास्त जातील."

१० – टाकी उपसून आत हात घालून पुसतो. धागे सुटणारी चिंधी चालत नाही.

दुपारी १२ – सेपरेटरची वाटी धुतली, दोन्ही फिल्टर बदलले. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम, पाणी किलोभर. म्हणून पाणी वाटीत खाली उतरतं. ते पुढे गेलं तर घात. पंप-नोझलला वंगण डिझेलचंच. पाण्याने ते तुटतं, गंज चढतो आणि तापलेल्या नोझलच्या टोकाला वाफ होऊन टोकच फुटू शकतं.

३ – हँडपंप मारून लाइनमधली हवा काढली. इंजिन एका दमात लागलं.

५ – डिझेल भरणं. उभ्या बॅरलच्या डोक्यावर पावसाचं पाणी साचतं. बॅरल गार झालं की बुचातून ते आत ओढलं जातं. बॅरल आडवंच ठेवा, नाहीतर कलतं. गाळणी लावून टाकी गच्च भरली.

६ – तांडेलाला आणि खलाशांना बजावलं: रोज इंजिन लावण्याआधी वाटीचा कॉक उघडा, स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा, बाटलीत धरा, समुद्रात ओतू नका. भर वाऱ्यात इंजिन बंद पडलं तर सगळ्यांच्याच जिवावर बेतेल. आणि पाणी रोजच येऊ लागलं, तर नुसतं काढत बसू नका. झाकण, ब्रीदर आणि डिझेल कुठून भरलं, हे त्याच दिवशी तपासा.