मांजराच्या पिलांना लस टोचावी का?

कणगीशी घूस-उंदीर फिरकू नयेत म्हणून शेतकऱ्याच्या घरी मांजर असतेच. पण त्याच्या लसीला पैसे मोडायचे म्हटले की घरधनी हसतो. "गाईला टोचतो, बैलाला टोचतो, आता मांजरालाही?" घरातील बाया मात्र नेटाने विचारतात, म्हणून हे लिहितो.

मांजरांना रक्ताचा कर्करोग जडवणारा एक विषाणू आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे विल्यम जॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९६४ साली शोधला. त्यावरची लस १९८५ साली अमेरिकेत निघाली. हा रोग माणसांना वा गुरांना होत नाही, तेव्हा लेकरांची चिंता नको. तो पसरतो मुख्यतः लाळेतून. मांजरे एकमेकांना चाटतात, एकाच वाटीतले दूध पितात, बोके भांडून चावे घेतात. रोगी भाटीकडून पिलांनाही तो जातो. पिलू जितके लहान तितका धोका जास्त. वय वाढते तशी प्रतिकारशक्ती येते. विषाणू अंगात कायमचा मुरला की मांजर रोडावते, हिरड्या पांढुरक्या पडतात, वरचेवर ताप येतो. रोग मुळापासून घालवणारे औषध नाही.

एकटे, घराबाहेर न पडणारे मांजर असेल तर या लसीची निकड फारशी नाही. पण आपली मांजरे गावभर हिंडतात! अशा पिलाला आठ-नऊ आठवड्यांचे झाल्यावर पहिली आणि तीन-चार आठवड्यांनी दुसरी मात्रा देतात. आधी रक्त तपासून घ्यावे, कारण लागण झालेल्या पिलाला लसीचा उपयोग होत नाही.

ही लस जवळपास मिळते का, ते पशुवैद्यकाला विचारा. त्यासाठी दूरचे शहर गाठावे लागत असेल आणि पैसा एकाच लसीपुरता असेल, तर माझ्या मते तो आधी रेबीजच्या लसीला लावा. पिसाळलेले कुत्रे मांजराला चावते आणि तेच मांजर रात्री पोराच्या अंथरुणात शिरते. ही लस पिलाला तीन महिन्यांनी, पुन्हा वर्षाने, पुढे डॉक्टर सांगतील तशी द्यावी.

मांजर चावले वा ओरबाडले तर हळद-चुना लावत बसू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.