गुरुत्वाकर्षण बुडालं त्याची गोष्ट

कोल्हा-कावळ्याची गोष्ट आपल्याला पाठ आहे. चोचीत घास, खाली लबाड कोल्हा, आवाजाची खोटी तारीफ. येल विद्यापीठात जेम्स मीहन यांनी लिहिलेल्या ‘टेल-स्पिन’ या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला हीच गोष्ट रचायला दिली, तेव्हा वेगळंच घडलं. आपल्या चोचीत चीज आहे हे कावळ्याच्या लक्षात आलं, त्याला भूक लागली आणि त्यानं ते गिळून टाकलं. कोल्हा झाडापाशी आला. गोष्ट संपली!

यात चूक काय? खरं तर विचित्र आहे तो इसापाचा कावळा. तोंडात घास धरून खात का नाही, हे लहानपणी आपण कुणालाच विचारलं नाही.

मीहन यांचा यावरचा प्रबंध १९७६ सालचा. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये कथानक आयतं नव्हतं. समोरचा माणूस पात्रं निवडायचा, कुणाचं कुणाशी पटतं ते सांगायचा. पुढे प्राण्याला भूक किंवा तहान लागायची आणि ती भागवायचा बेत तो स्वतःच आखायचा: विचारून बघायचं, जमलं नाही तर लाच, नाहीतर दमदाटी.

अशाच एका गोष्टीत जो नावाच्या अस्वलानं एका पक्ष्याला विचारलं, मध कुठे मिळेल? पक्ष्यानं भलेपणानं पोळ्याचं झाड सांगितलं. तरी अस्वल त्याच्यावर धावून गेलं: मध कुठे ते सांग, नाहीतर मारीन! पोळ्यात मध असतो, हे बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. इच्छा होती, धमक होती. एवढंसं ज्ञान तेवढं नव्हतं.

माझा आवडता घोटाळा मात्र हेन्री मुंगळ्याचा. तो तहानलेला, नदीकाठी गेला आणि पाय घसरून पाण्यात पडला. आता पडायची काही त्याची इच्छा नव्हती. मग त्याला नदीत नेलं कुणी? प्रोग्रॅमला प्रत्येक हालचालीमागे कर्ता लागायचा, म्हणून ते काम गुरुत्वाकर्षणाकडे दिलेलं होतं. शिवाय एक साधा नियम होता: जो दुसऱ्याला कुठे नेतो तो स्वतःही तिथे पोचतो. पोराला शाळेत सोडणारा बाप शाळेच्या दारात पोचतोच की. त्या हिशेबानं गुरुत्वाकर्षणही नदीत पोचलं, आणि बुडून मेलं. पोहायला त्याला ना पाय होते ना पंख, आणि हाक मारावी असा मित्रही नव्हता.