ओटीतलं कापड अंगावर

हळदीकुंकवात मिळालेला ब्लाउजपीस सहसा दोनच ठिकाणी जातो. एक तर कपाटाच्या खालच्या कप्प्यात, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या ओटीत. डोहाळजेवण, वास्तुशांत, चैत्रगौर असा प्रवास करत काही तुकडे घडीही न मोडता चार-पाच घरं फिरून येतात. एखादा तर जिथून निघाला तिथेच परत पोचतो आणि कोपऱ्यातल्या हळदीच्या डागावरून पकडला जातो. दिवाळीच्या आवराआवरीत हा साठा बाहेर निघतो, मोजला जातो, पुन्हा आत जातो. ब्लाउज शिवायचे तेवढे शिवून झालेले असतात आणि बाकीच्या तुकड्यांचं करायचं काय, हे कळत नाही. लांबी 80 सेंटिमीटर ते एक मीटर, पन्हा बहुधा 36 इंच. एवढ्याशा कापडात काय होणार?

बरंच होतं. मात्र त्यासाठी बेतण्याची जुनी रीत आठवावी लागते.

हातमागावरचं कापड मुळात अरुंदच असायचं. विणकराने एका हाताने धोटा टाकायचा आणि दुसऱ्या हाताने झेलायचा, त्यामुळे हात जेवढे पोचतील तेवढाच पन्हा. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून येणारा चोळीचा खणही असा लहान पन्ह्याचाच. म्हणून कोपरी, बंडी, झबलं ही घरगुती कापडं बहुतांशी सरळ चौकोनी तुकड्यांतून बेतली जात. कापड वाया जात नसे, आणि उरलेला बारका तुकडा काखेत कळी म्हणून बसत असे.

ही कळी म्हणजे आरामाचं खरं मर्म. विणलेलं कापड उभ्या किंवा आडव्या धाग्यात ताणलं तर फारसं देत नाही, तिरपं ओढलं तर मात्र देतं. काखेत चौकोन कर्णावर बसवला की हात वर केल्यावर ताण नेमका त्या तिरप्या दिशेत पडतो. कापड सैलावतं, कुर्ता वर सरकत नाही आणि शिवण उसवत नाही. तयार कुर्ती घालून बसमधला वरचा दांडा धरणाऱ्या प्रत्येकीला याचं मोल लगेच कळेल. कारखान्यात गोल मुंढे कापताना साधारण 15 टक्के कापड कातरण म्हणून जातं, असा अंदाज सर्रास दिला जातो. कापड घालवूनही हात मोकळा होत नाही, ही त्यातली गंमत.

आता हिशेब. एक मीटर लांबीचे, 36 इंच पन्ह्याचे दोन तुकडे घ्यावेत. पहिल्यातून 25 इंच रुंदीचा पुढचा भाग कापला की बाजूला 11 इंचांची लांब पट्टी उरते. तिचे आडवे दोन भाग केले की दोन आखूड बाह्या झाल्या. दुसऱ्या तुकड्यातून पाठ निघते आणि तिच्या पट्टीतून पाच-पाच इंची दोन कळ्या, एक खिसा आणि गळ्याला लावायची उरेप पट्टी. 42 इंच छातीपर्यंतच्या बाईला गुडघ्याच्या वर येणारा सैल कुर्ता होतो. तुकडे वेगळ्या रंगांचे असतील तर एकेक बाही एकेका तुकड्यातून काढावी. म्हणजे जोड दिलेला वाटत नाही, मुद्दाम केल्यासारखा दिसतो. 80 सेंटिमीटरच्या तुकड्यांचा कुर्ता आखूड होतो, पण घरात घालायला तोच जास्त बरा.

कापड कुठलं आहे, हे आधी पाहावं. टू बाय टू रुबिया हाताला लागला तर नशीब. ताणा आणि बाणा दोन्हींत दोनपदरी पिळाचं सूत, म्हणून ते नाव. कापड पातळ असूनही अंग दिसत नाही आणि घामही शोषला जातो. पण ओटीत फिरणाऱ्या चकचकीत तुकड्यांत पॉलिएस्टरच फार. शंका असेल तर कडेचे चार धागे काढून, चिमट्यात धरून जाळावेत. सुती धागा कागद जळाल्यासारखा वास देतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर वितळतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. मणी झाला तर त्या कापडाच्या पिशव्या शिवाव्यात, अंगाला लावू नये.

सुती कापड बेतण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवायचं, सावलीत वाळवायचं, किंचित ओलसर असताना इस्त्री करायची. हा कंटाळा केला तर पहिल्याच धुण्यात कुर्ता आखडतो, आणि दोन तुकडे वेगवेगळे आखडले तर शिवणीला चुण्या पडतात. लाल आणि गडद निळे तुकडे वेगळे भिजवावेत. पाण्यात मीठ टाकून रंग पक्का होतो हा समज घरोघरी आहे. सुटणारा रंग मिठाने थांबत नाही. बेतताना दोन्ही तुकड्यांचा उभा धागा उभाच राहील हे पाहावं, नाहीतर धुतल्यावर कुर्ता अंगाभोवती पीळ खातो.

कपाटात ब्लाउजपीसच्या शेजारी जुनी चादर असतेच. चादर झिजते ती मधोमध, जिथे माणूस झोपतो तिथे. कडा बऱ्याच शाबूत राहतात, आणि पायजम्याचे दोन पाय त्या कडांतून निघतात. आसन खोल ठेवावं आणि नेफ्यात नाडी घालावी. इलॅस्टिक कमरेला काचतं. जुन्या सुती साडीचं मात्र झबलं नि दुपटंच व्हावं. शंभर वेळा धुतलेल्या सुतातली खळ गेलेली असते, धागा मऊ झालेला असतो, आणि बाळाच्या कातडीला तेच मानवतं. बाळंतिणीच्या घरी नव्या कापडाआधी आजीचं लुगडं मागितलं जाई ते याचसाठी.

त्यातूनही उरलेल्या चिंध्या गोधडीच्या थरांत जातात. कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात. धावदोऱ्याला मशीन लागत नाही, फक्त दुपारी बसायला जागा आणि गप्पांना सोबत लागते.

राहता राहिला तो फिरता ब्लाउजपीस. पुढच्या हळदीकुंकवाला द्यायचाच असेल तर सुती द्यावा, आणि देण्याआधी त्याचं लेबल काढून घडी मोडून टाकावी. म्हणजे घेणारीला तो पुढे सरकवता येणार नाही, शिवावाच लागेल.