ओकच्या मुळाशी

कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटापासून अमेरिकेच्या कॅलिफोर्नियापर्यंत गॅरी ओकची विरळ झाडी आणि मधली गवताळ माळराने पसरलेली होती. ब्रिटिश कोलंबियात त्यातला 5 टक्क्यांहून कमी भाग मूळ रूपात उरला आहे. तो वाचवायचा म्हणजे झाडे लावायची, असा सोपा समज असतो. पण ओकच्या कोवळ्या मुळाचे टोक भिंगाखाली धरले, तर त्यावर बुरशीचे पातळ वेष्टन दिसते. त्यातून निघालेले तंतू मुळे पोचत नाहीत अशा फटींतून पाणी, नत्र, स्फुरद आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. गवताची बुरशी वेगळी. ती मुळाच्या पेशींत शिरते. म्हणून झाड आणि गवत दोन्ही टिकले, तरच जमिनीखालचे वैविध्य टिकते.

बुरशीचे बीजाणू तर वाऱ्यावर कुठेही जातात, मग वेगळी काळजी कशाला, असा आक्षेप येतो. सगळ्यांचे तसे नाही. ट्रफल हे बुरशीचे फळ जमिनीखाली वाढते; वासाने आलेले उंदीर, खारी ते उकरून खातात आणि विष्ठेतून बीजाणू पसरवतात. मधे रस्ते, वस्त्या आल्या की ही वाट तुटते. आगीने बुरशी मरते, हा आक्षेपही अर्धाच खरा. मूलनिवासी लोक शतकानुशतके इथले गवत जाळत. झटपट सरकणारी हलकी आग खोलवरची माती फारशी तापवत नाही. उलट ती थांबली, तसा डग्लस फर हा सूचिपर्णी वृक्ष माजला आणि त्याच्या सावलीत ओक मरू लागले. तेव्हा जुने ओक राखणे, माती न उकरणे आणि जाणत्या हातांनी गवत जाळणे, हेच बुरशीचे संवर्धन. रोप रोपवाटिकेत मिळते. त्याची जुनी सोबत तिथे मिळत नाही.