तिसरी तार तोडू नका

हिरण्यकेशीकाठच्या आमच्या गडहिंग्लजात पाऊस एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. पत्रे गळतात, भिंतींना ओल येते. हाच काळ वर्षावासाचा. विहारात ग्रंथवाचनाला जमलेल्या माउली एकमेकींना सांगतात, "आमच्या फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात बघ!" दुसरी हसून म्हणते, "आमचा मिक्सर पण तसलाच, चप्पल घालून लावायचा!" हसण्यावारी नेलेल्या या बोलण्याचीच आम्हांला भीती वाटते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एक भगिनी पडवीत तारेवर कपडे वाळत घालत होती. तार पत्र्याच्या लोखंडी अँगलला बांधलेली. त्याच अँगलवरून बल्बची जुनी वायर गेलेली, आणि तिचे वरचे आवरण उंदराने कुरतडलेले. तारेला हात लागताच ती चिकटली. सातवीतल्या मुलाने आईला हात लावला नाही. धावत जाऊन मेन स्विच पाडला. शाळेत शिकलेले कामी आले, आई वाचली. जमलेल्यांपैकी कोणी म्हणाले, "वेळ आली नव्हती." कोणी "बाहेरचं" म्हणाले. आम्ही त्या घराची फिटिंग पाहिली. अर्थिंगचा पत्ताच नव्हता. फ्रीजच्या प्लगची जाड पिन "बसत नाही" म्हणून मोडलेली होती.

तथागतांनी कार्यकारणभाव शिकविला. कारणाशिवाय काही घडत नाही. कारण दूर केले की दुःख टळते. मग विजेचा धक्का नशिबावर का ढकलायचा?

प्लगची जाड आणि लांब पिन म्हणजे तिसरी तार, हिरवी, अर्थिंगची. फ्रीज, इस्त्री, मिक्सर यांच्या आत वायर सुटून धातूच्या भागाला लागली, तर ही तार तो प्रवाह जमिनीत नेते. ती नसेल, तर यंत्राचा पत्रा २३० व्होल्ट घेऊन वाट पाहत राहतो. आपण ओल्या पायांनी हात लावला की आपले शरीरच तिसरी तार होते.

पुष्कळांना वाटते, घरात एमसीबी आहे, म्हणजे भीती नाही. हा गैरसमज आहे. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट यांसाठी आहे. १६ अँपिअरचा एमसीबी माणूस चिकटला तरी पडत नाही. जुन्या ६० वॅटच्या बल्बमधून जेमतेम पाव अँपिअर वाहतो; त्याच्या निम्म्याहून कमी प्रवाह छातीतून गेला तरी हृदय बंद पडू शकते. माणसासाठी वेगळे साधन आहे : आरसीसीबी. ३० मिलिअँपिअरची घ्यावी. प्रवाह बाहेर गळू लागला की ती डोळ्याची पापणी लवण्याआधी वीज तोडते. तिच्यावर 'टी' लिहिलेले बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहावे. वीज गेली नाही तर ती निकामी समजावी.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. वीज हा विषयही त्यांच्याकडे होता. गरिबी हटवायची तर उद्योग हवेत, आणि उद्योगांना स्वस्त व मुबलक वीज हवी, अशी त्यांची १९४३ सालची मांडणी आहे. ती वीज आज आपल्या पत्र्याच्या घरापर्यंत आली. तिने आपल्याच लेकरांचा जीव घेऊ नये, हे पाहणे आपले काम आहे.

म्हणून प्रत्येक घराने एवढे करावे :

१. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे.

२. जाड पिन मोडू नये. सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्या खोचून वायर बसवू नये.

३. फ्यूज गेला तर जाड तांब्याची तार घालू नये.

४. बादलीत पाणी तापवायचा रॉड लावलेला असताना पाण्यात बोट बुडवून पाहू नये. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग पाणी.

५. कपड्यांसाठी लोखंडी तार काढून नायलॉनची दोरी बांधावी.

६. घरात पुराचे पाणी शिरू लागले तर कोरड्या जागेवरून मेन स्विच बंद करावा. पाण्यात उभे राहून नव्हे. पाणी ओसरल्यावर वायरमनने पाहिल्याशिवाय वीज सुरू करू नये.

जयंतीच्या मंडपालाही हेच नियम. लोखंडी पाइपांवरून जोड दिलेल्या वायरी ओढणे, आकडा टाकणे हे बाबासाहेबांच्या नावाला शोभत नाही. रीतसर तात्पुरते कनेक्शन घ्यावे. रस्त्यात तार तुटून पडली असेल तर जवळ न जाता महावितरणला १९१२ वर कळवावे.

कोणी चिकटलेच तर त्याला हात लावू नका. मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर करा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. वाळूत पुरणे, अंगाला माती फासणे यात अमोल वेळ जातो. माणूस शुद्धीवर असला तरी उपजिल्हा रुग्णालयात नेऊन दाखवा.

येत्या रविवारी वंदनेनंतर आपल्या घरातील प्रत्येक प्लग हातात घेऊन तिसरी पिन शाबूत आहे का ते पाहा. आणि मुलांना आजच मेन स्विच दाखवून ठेवा. त्या सातवीतल्या मुलाला तो माहीत होता, म्हणून त्याची आई आज वाचनाला येते.

जयभीम!