ऑइल कूलर बसवण्याआधी तेलाचं तापमान पाहा

मे महिन्यात उमरखेड तालुक्यात पारा 44-45 अंशांवर गेला की ढाणकीतल्या गॅरेजवर एक सल्ला हमखास मिळतो: "ऊन लय आहे, गाडीला ऑइल कूलर टाकून घे." पुण्याहून, हैदराबादहून टर्बो पेट्रोल गाड्या घेऊन सुट्टीला आलेल्या पोरांनाही तो मिळतो. सल्ल्यामागे अनुभव आहे, पण तो मोटारसायकलचा. 2007 मध्ये आलेल्या बजाज पल्सर 220 च्या इंजिनापुढे छोटा ऑइल कूलर होता. त्या इंजिनात पाणी फिरत नाही, त्यामुळे उष्णता बाहेर नेण्याचं बरंच काम तेलालाच करावं लागतं. 1998 पर्यंतच्या हवेवर थंड होणाऱ्या पोर्शे 911 गाड्यांतही मोठी जबाबदारी तेलावरच होती. आजच्या बहुतेक गाड्यांत मात्र रेडिएटर आणि कुलंट असतं, आणि अनेक टर्बो इंजिनांना कुलंटवर चालणारा ऑइल कूलर कंपनीकडूनच बसवलेला असतो.

गैरसमज: ऊन जास्त, म्हणून तेल जास्त तापतं

उन्हाचा परिणाम होतो, पण तेलाला खरा ताप देतो तो इंजिनावर सतत पडणारा भार. नागपूर-तुळजापूर महामार्गावर एका लयीत गाडी हाकताना इंजिनाची थोडीच ताकद खर्ची पडते. निरोगी गाडीचं तेल अशा वेळी साधारण 90 ते 110 अंशांत राहतं, आणि तिथे ते सुखात असतं. रेस ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटल, लगेच ब्रेक, पुन्हा पूर्ण थ्रॉटल असं वीस मिनिटं चाललं की गोष्ट बदलते. 2009 मध्ये आलेल्या निसान 370झेडचं उदाहरण जाणकार देतात. ट्रॅकवर तिचं तेल इतकं तापायचं की इंजिनाचा संगणक स्वतःच ताकद कमी करायचा. तिच्या मालकांनी बाहेरचे कूलर बसवले आणि पुढे निसाननेही काही मॉडेलांत कूलर दिला. तिथे गरज मोजून सिद्ध झाली होती.

आपल्याकडेही मोजूनच ठरवावं. डॅशबोर्डवरचा काटा बहुधा कुलंटचं तापमान दाखवतो, तेलाचं नाही. आणि अनेक गाड्यांत तो मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो. तेलाचा सेन्सर असेल तर ओबीडी स्कॅनरवर आकडा दिसतो, नसेल तर वेगळा गेज लावावा. जोरात चालवूनही आकडा 120 च्या खाली राहत असेल तर कूलरवर खर्च करू नये, हे माझं स्पष्ट मत. 130 च्या पुढे वारंवार जात असेल तर विचार जरूर करावा. त्याआधी रेडिएटर तपासा. आपल्या भागात कुलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, कुलंट तापतं आणि त्यामागून तेलही. असं इंजिन ऑइल कूलरने बरं होत नाही.

गैरसमज: तेल जितकं थंड, तितकं इंजिन सुरक्षित

हा सगळ्यांत घातक. 30 ग्रेडच्या तेलाचा दाटपणा 100 अंशांना 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक असावा असं प्रमाण ठरलेलं आहे. तेच तेल 40 अंशांना पाच-सहा पट दाट असतं. इंजिनातल्या फटी पातळ, गरम तेलाच्या हिशेबाने ठेवलेल्या असतात. शिवाय जळणातून तयार झालेलं पाणी आणि तेलात झिरपलेलं थोडं पेट्रोल तेल नीट तापल्यावरच उडून जातं. जानेवारीच्या पहाटे ढाणकीहून उमरखेडला निघालेल्या गाडीत कूलर सतत चालू राहिला तर तेल तापायलाच वेळ लागेल, चेंबरमध्ये ओल साठेल. म्हणून थर्मोस्टॅट असलेली प्लेट हवीच. ती ऑइल फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये बसते आणि तेल साधारण 80-85 अंशांवर गेल्यावर कूलरची वाट उघडते. थर्मोस्टॅटशिवायचा स्वस्त संच कुणी दाखवला तर घेऊ नका.

गैरसमज: मोठ्यातला मोठा कूलर घ्यावा

कूलरची ताकद तेल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. तेल 120 अंश आणि हवा 25 असेल तर फरक 95. मे महिन्यात हवा 45 असेल तर 75. म्हणजे तोच कूलर इथे सुमारे पाचवा हिस्सा कमी काम करतो. म्हणून मोठा घ्यावासा वाटतो, पण कूलर आणि पाईप यांतून जाताना तेलाचा दाब घटतो, आणि अरुंद पाईप किंवा तीव्र वळणं असतील तर आणखी घटतो. जागेचा प्रश्न त्याहून मोठा. एसीच्या कंडेन्सरपुढे कूलर लावला की त्याची गरम हवा कंडेन्सर आणि रेडिएटर दोघांवर जाते, भर उन्हाळ्यात एसी मंद पडतो. बाजूला, बंपरमागे, हवा आत येईल आणि मागून बाहेरही निघेल अशी वाट ठेवून बसवलेला मध्यम कूलर जास्त उपयोगी. फार खालीही नको, आपल्या रस्त्यांवरची गिट्टी उडून लागते आणि फुटलेल्या कूलरमधून तेल काही क्षणांत वाहून जातं. वेचणीच्या दिवसांत कापसाचा तंतू आणि धूळ पात्यांत अडकते, ती मंद धारेने मागच्या बाजूने धुवावी.

जुना, भंगारातला कूलर स्वस्त मिळतो, पण तो धुऊन वापरता येतो हा समज सोडा. ज्या गाडीचं इंजिन बसलं तिच्या कूलरमध्ये धातूचा चुरा अडकलेला असतो आणि धुऊन तो पूर्ण निघतो याची खात्री देता येत नाही. तोच चुरा तुमच्या बेअरिंगमध्ये जाईल. कूलरने पिकअप वाढतो असंही ऐकू येतं. तसं काही होत नाही. फार तर इंजिन तापल्यावर कमी होणारी ताकद टिकते.

गाडी वॉरंटीत असेल तर काम सुरू करण्याआधी सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. बसवताना पाईपला साधी क्लिप नको, दाब झेलणारी पक्की जोडणी हवी, आणि पत्र्याच्या धारेला पाईप घासू नये. प्लेटची ओ-रिंग नवी असावी. कूलर आणि पाईपांत अर्धा ते एक लिटर जास्तीचं तेल मावतं. म्हणून इंजिन चालवून, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापवून, बंद करून थोडं थांबावं आणि मग डिपस्टिक पाहावी. त्याच वेळी प्रत्येक जोडावर कोरडं फडकं फिरवावं, आणि पहिल्या लांबच्या फेरीनंतर पुन्हा एकदा.